वाडशेतच्या चर्चवरच्या अकरा कैच्या

९ फेब्रुवारी १९८३, बुधवार

ही डायरी १९८१ची आहे. छापलेला वार सोमवार होता, तो खोडून बुधवार केला. दोन वर्षं कोरीच पडली होती. मिलमध्ये सुतारखात्याची दुरुस्तीची वही मीच लिहायचो. कुठल्या मागाचं काय मोडलं, त्याला काय बसवलं. संप लागून आता तेरावा महिना चालू आहे. इतक्या दिवसांत लिहून ठेवावं असं काही घडलं नाही. आज घडलं.

चंदरने काम आणलं. चंदर माझ्याच खात्यातला, आता कांजूरच्या लाकडाच्या वखारीत हमाली करतो. म्हणाला, "गुण्या, मिठागरांकडे ते वाडशेत गाव आहे ना, तिथल्या चर्चवाल्यांना जुनं लाकूड कळणारा माणूस पाहिजे. छप्पर बघायचंय. तू जा. मला आता लाकडाचं फक्त वजन कळतं."

लगेच निघालो. आमची टेकडी उतरून, रेल्वेचं फाटक ओलांडून, हायवेच्या पलीकडे पाऊण तास चाललो. चर्च चिंचांच्या मागे आहे. बाहेरून वाटतं लहान, आत गेलं की उंची अंगावर येते. कमिटीचे सेक्रेटरी ऑस्वल्ड सर भेटले. विमा कंपनीत आहेत, कपडे इस्त्रीचे, बोलणं नीट. म्हणाले, "मिस्त्री, वर चढायचं, एकूणएक लाकूड तपासायचं आणि काय काय खराब आहे ते लिहून द्यायचं."

मी म्हटलं, "आणि मग दुरुस्ती?"

"आधी लिहा तर," म्हणाले.

घरी येऊन हत्यारांची पेटी काढली. पटाशीला गंज धरला होता. संध्याकाळभर दगडावर घासली. वनमाला भाकऱ्या थापता थापता बघत होती.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस वर आहे. खाली घंटा वाजवणारा बस्त्याव शिडी धरतो. वय सत्तरच्या वर, पण पकड घट्ट. त्याच्या घरात चार पिढ्या हेच काम. चर्चला तो देऊळच म्हणतो. "आमचा देऊल चारशे वर्सांचा हाय," म्हणाला. दरवाजावरच्या दगडात साल कोरलं आहे, पण पहिला आकडा आणि शेवटचा आकडा खाऱ्या वाऱ्याने खाल्लाय. मधले दोन वाचता येतात, त्यावरून काही ठरत नाही. कागदपत्रं फादरांच्या आधीच्या फादरांच्या वेळी कसरीने खाल्ली.

पण इमारत स्वतः सांगते. वेदीकडचा भाग सगळ्यात जुना. तिथे दगड लहान, चुना जाड, आणि चुन्यात शिंपल्यांचे तुकडे दिसतात. तिथून पुढे भिंत एकदम बदलते, मोठे घडीव काळे दगड लागतात. म्हणजे आधी गाव लहान होतं, देऊळही तेवढंच होतं. मग माणसं वाढली तशी भिंत पुढे नेली. दर्शनी पडवी तर विटांची, ती आत्ताआत्ताची, शंभरेक वर्षांची असेल. भिंतीत एक बुजवलेली कमान आहे, तो जुना दरवाजा असणार. बस्त्यावला दाखवली. सत्तर वर्षं तो तिच्यासमोर उभा राहतोय, त्याला कमान आहे हे माहीत नव्हतं. हात लावून बघत राहिला.

छप्पर अकरा कैच्यांवर आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत आतून चोवीस फूट. प्रत्येक कैचीला खाली एक अखंड तुळई, दोन तिरके वासे, मध्ये उभा खांब. सगळा साग. एक लोखंडी खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. तुळईवर तासणीचे घाव अजून दिसतात. एवढी लांब तुळई आज वखारीत मागितली तर हसतील.

१४ फेब्रुवारी, सोमवार

आज वर एक गोष्ट सापडली. चौथ्या कैचीच्या सांध्यावरची धूळ पुसली तर पटाशीने कोरलेला आकडा. ४. आपला. इंग्रजी नाही, रोमन नाही, आपला चार. बाजूच्या वाशावर पण ४ आणि शेजारी एक तिरकी खाच. मग सगळ्या पुसल्या. एकपासून अकरापर्यंत. समुद्राकडच्या वाशाला एक खाच, डोंगराकडच्या वाशाला दोन. म्हणजे जमिनीवर कैच्या जुळवल्या, आकडे घातले, सोडवल्या, वर नेऊन परत जुळवल्या. माझे आजोबा कणकवलीला घराचं छप्पर असंच करायचे. खाचा पण अशाच घालायचे.

बस्त्यावला हाक मारून सांगितलं. तो म्हणाला, पेशव्यांच्या स्वारीत देवळाचं छप्पर जळलं असं त्याचा आजा सांगायचा. बघितलं तर भिंतीच्या माथ्यावरचे दगड खरंच काळे पडलेत, तडकलेत. जाळणारे मराठी बोलत होते आणि नवीन छप्पर घालायला आले ते पण. कोणी सुतार तळकोकणातून आला असेल होडीने, खाडीत उतरला असेल. त्याने इथे किती दिवस काढले, जेवला कुठे, कोण जाणे.

खूप महिन्यांनी घरी जाऊन काहीतरी सांगावंसं वाटलं. वनमालाने ऐकून घेतलं. म्हणाली, "बरा झाला. पण ते तुमका लिवूक सांगतत. दुरुस्त करूक सांगल्यानी काय?"

मी म्हटलं, डॉक्टर आधी रोग लिहितो, औषध नंतर.

ती म्हणाली, "डॉक्टरान सांगूक होया ना तसा."

तिला नेहमी उलटंच दिसतं. संपात पण पहिल्या दिवशी म्हणाली होती, हे लवकर संपणार नाही.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

तपासणी झाली. लाकडी हातोडीने ठोकायचं, कान लावायचा, मग दाभण घुसवून बघायचं. चांगला साग खणखणतो. वाळवीने खाल्लेला बद्द बोलतो.

नऊ कैच्या ठणठणीत. दोन नंबरची आणि अकरा नंबरची खराब, दोन्हीकडे भिंतीत गेलेलं टोक ओलीने कुजलंय. तिथेच पन्हळ फुटलेली आहे, वर्षानुवर्षं पाणी आत उतरतंय. टोक कापून नवीन सागाचा तुकडा सांधला, खुंट्या मारल्या, पन्हळ बदलली, की झालं. दोन महिन्यांचं काम.

सातवीचं खरं लिहितो. दोनदा ठोकली. एकदा बद्द वाटली, एकदा नाही. शिडी तिथे नीट टेकत नाही, खालच्याच अंगाला पोचता आलं. दाभण चार बोटं आत गेलं. पण तेवढ्यावरून आतलं कळत नाही. नऊ चांगल्या म्हटलं, त्यात सातवी धरली होती. मग मनात आलं, दोन कैच्यांसाठी ते कुणालाही बोलावतील. तीन म्हटल्या, आणि एक पूर्ण बदलायची म्हटली, तर काम पावसाळ्यानंतरही चालेल. तर सातवी पूर्ण पोकळ लिहिली.

हे फक्त इथे लिहितोय.

१ मार्च, मंगळवार

कागद दिला. पहिल्या पानावर चांगल्या कैच्यांची यादी केली होती, मग आकड्यांचं, मग भिंतीचं. ऑस्वल्ड सरांनी वाचलं. म्हणाले, "मिस्त्री, फार सुंदर लिहिलंय. पण कमिटीला एवढं वाचायला वेळ नाही. जे खराब आहे तेवढंच वेगळ्या कागदावर द्या. चांगलं आहे ते आहेच, ते कुठे पळून जातंय?"

बरोबर वाटलं. तसं करून दिलं.

मग विचारलं, "ही सात नंबरची. पूर्ण पोकळ म्हणालात. म्हणजे कोसळू शकते?"

मी म्हटलं, "शकते."

कोसळू शकते, हे त्यांनी मला कागदात घालायला लावलं.

५ मार्च, शनिवार

सरांनी माझा कागद इंग्रजीत टाईप करून आणला. खाली सही केली. त्यांनी माझ्या नावापुढे इंग्रजीत काहीतरी घातलंय. विचारलं तर म्हणाले, पंचवीस वर्षांचा अनुभव, असं. इतकी वर्षं मिलमध्ये माझ्या नावापुढे फक्त बिल्ल्याचा नंबर होता. पोरीला, उत्तराला, वाचून दाखवायला सांगितलं असतं, पण कागद त्यांनी ठेवून घेतला. उत्तरा नववीत आहे, इंग्रजी चांगलं आहे तिचं.

फादर सिल्वेस्टर बाहेर उभे होते. मऊ बोलतात, डोळ्यांकडे बघत नाहीत. म्हणाले, "गुणाजी, तुम्ही फार प्रामाणिकपणे काम केलंत."

आता बोलावणं येईल.

१२ मार्च, शनिवार

बोलावणं नाही. सहज चक्कर मारली. बस्त्याव पायरीवर बसला होता. त्याचं तोंड उतरलेलं. म्हटलं, तब्येत? म्हणाला, "कमिटीन तुजा कागद वाचून दावला. वालवी. पोकल. कोसल." एवढेच शब्द. मी म्हटलं, अरे बाबा, दुरुस्त होतं ते. त्याने मान हलवली, पण माझ्याकडे बघत नव्हता, वर बघत होता.

२८ मार्च, सोमवार

शिमगा. गावी पालखी नाचत असेल. यंदाही गेलो नाही. खालच्या चाळीतल्या पोरांनी होळीसाठी माझ्याकडे लाकडं मागितली, पेटीतले तुकडे दिले.

वनमाला प्लास्टिकच्या कारखान्यात बाटल्यांची बुचं लावायला जाते, तिला आज सुट्टी होती. दिवसभर शिलाई मशीनला तेल घालून पुसत बसली. म्हटलं, कपडे शिवायला आले काय कोणाचे? म्हणाली, नाही, जाम झालं होतं.

३ एप्रिल, रविवार

ख्रिश्चनांचा मोठा सण. बस्त्यावने बोलावलं होतं म्हणून गेलो. आत पाय ठेवायला जागा नाही. केरळची माणसं, मंगळूरची माणसं, मुलुंडच्या नव्या कॉलनीतली. अर्धे लोक बाहेर उन्हात, बायकांनी पोरांच्या डोक्यावर रुमाल धरलेले. एक बाई चक्कर येऊन पडली, तिला विहिरीजवळ नेलं.

प्रार्थना संपल्यावर फादरांनी पडवीत एक चित्र लावलं. सगळे गर्दी करून बघत होते. सिमेंटची इमारत, त्रिकोणी, मोठ्या काचा, समोर गाड्या. मी बस्त्यावला विचारलं, "हे कुठलं चर्च?"

तो म्हणाला, "आमचाच."

मला वाटलं, बाजूच्या मोकळ्या जागेत नवीन बांधणार. तसंच असेल. जुनं असताना बाजूला नवीन, बऱ्याच ठिकाणी करतात.

१० एप्रिल, रविवार

बाजूला नाही. आहे तिथेच.

ऑस्वल्ड सरांना गाठलं. म्हटलं, "सर, मी दुरुस्तीसाठी लिहून दिलं होतं."

"तुम्ही काय खराब आहे ते लिहून दिलंत," ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "मिस्त्री, मी याच गावातला. माझा बाप्तिस्मा इथे, लग्न इथे. पण गेल्या पावसात माझी आई बाहेर छत्रीत उभी राहिली दीड तास. ह्या भिंती रुंद होणार आहेत का? बिल्डर मागची वाडी घेऊन नवीन चर्च बांधून देतोय. परत असा माणूस मिळणार नाही. परवानगीला धोकादायक असल्याचा कागद लागत होता."

"नऊ चांगल्या आहेत, सर."

"आठ. तुमच्या कागदात आठ येतात."



मग फादरांकडे गेलो. ते वेदीजवळ फुलं काढत होते. मी म्हटलं, माझा कागद अर्धाच आहे. त्यांनी सुकलेली फुलं वेगळी केली. म्हणाले, "पुढच्या रविवारी सभा आहे. तुम्ही येऊन सांगा सगळं. मी कुणालाही बोलायला अडवत नाही." आणि मग, "पण सही तुमचीच आहे ना, गुणाजी?"

घरी वनमालाला सांगितलं. वाटलं, म्हणेल, मी सांगितलं होतं. म्हणाली नाही. ताटात आमटी वाढून दिली आणि उत्तराच्या दप्तरातली पुस्तकं काढून पुसायला लागली.

१६ एप्रिल, शनिवार

आठवडाभर दुसरा कागद लिहिला. उत्तराने शुद्धलेखन बघून दिलं. प्रत्येक कैची, तिची लांबी, तिचा आवाज. भिंतीचे तीन काळ. बुजवलेली कमान. आकडे. रुंद करायचं असेल तर कसं करता येईल ते पण लिहिलं, डोंगराकडची भिंत तशीच ठेवून मोठ्या कमानी काढायच्या आणि बाजूला पडवी वाढवायची. मी काही इंजिनिअर नाही, पण जमेल.

सातवीचं काय लिहायचं यावर दोन दिवस गेले. शेवटी लिहिलं, सात नंबर पुन्हा तपासावी.

१७ एप्रिल, रविवार

सभा चर्चमध्येच झाली. शंभर-सव्वाशे माणसं, कैच्यांच्या खाली बसलेली. मी बाकांसमोर उभा राहून वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. आकड्यांचं वाचलं तेव्हा काही म्हाताऱ्यांनी माना वर केल्या, एकमेकांना बोटाने दाखवलं. वाटलं, जमतंय.

मग मागून एकाने विचारलं, "तुम्ही आर्किटेक्ट आहात का?"

"नाही. सुतार."

"कुठे काम करता?"

"मिलमध्ये. होतो."

"म्हणजे संपवाले," तो म्हणाला. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. दुसरा उठला, "अंकल, मार्चमध्ये तुम्ही लिहिलं कोसळू शकतं. एप्रिलमध्ये लिहिता पुन्हा तपासावं. उद्या माझ्या पोरीच्या डोक्यावर पडलं तर तुमचा कुठला कागद दाखवायचा मी?"

मी म्हटलं, "पडणार नाही."

"मग लिहिलं कशाला?"

सव्वाशे माणसं माझ्याकडे बघत होती. खरं उत्तर एका वाक्याचं होतं. मला काम हवं होतं. ते तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, "तेव्हा नीट दिसलं नव्हतं." त्यानंतर माझं बोलणं कुणी जमेस धरलं नाही.

हात वर करायला सांगितले. पाडायच्या बाजूने भराभर हात गेले. विरोधात पाच-सहा, बहुतेक म्हाताऱ्या बायका. मी बस्त्यावला शोधत होतो. तो खांबाला टेकून उभा होता. त्याचा हात पाडायच्या बाजूने वर गेला होता.

बाहेर त्याला धरलं. "बस्त्याव, तू? तू पण?"

त्याने हात सोडवून घेतला नाही. म्हणाला, "मी घंटा वाजवताव. माज्या घंटेन मानसा आत येतान. तुजा कागद आयकला तवापासून मना झोप नाय रे. परत्येक रविवारी पोरा मोजताव, सातव्याच्या खाली कोन बसलाय. किती दीस बगू असा? तूच लिवलास ना?"

मी लिहिलं होतं.

२६ एप्रिल, मंगळवार

मिलमधून टपाल आलं. गेट उघडलंय, निवडक कामगार घेणार आहेत, त्यात आपलं नाव नाही, सुतारखातं बंद करण्यात आलं आहे. चंदरला पण आलं. तो म्हणाला, "वाट लागली म्हणायची पण सोय नाही यार, ती तर केव्हाच लागली." मग आम्ही चहा प्यायलो.

४ मे, बुधवार

वनमाला आणि उत्तरा सुट्टीला गावी गेल्या, भांडुपहून एसटीने. वनमालाने शिलाई मशीन पण नेलं. टपावर चढवताना हमालाबरोबर मीच हात लावला. महिन्याभराच्या सुट्टीला मशीन कशाला लागतं कळत नाही. विचारलं तर म्हणाली, "थंय कामाक येतला." उत्तराने शाळेतून कसलासा दाखला पण आणला होता, कारकुनाने लवकर दिला म्हणून खूश होती. गाडी सुटताना वनमालाने खिडकीतून माझ्या शर्टाचं बटण लावलं. म्हणाली, वेळेवर जेवा.

खोली मोठी वाटते.

९ मे, सोमवार

ऑस्वल्ड सर स्वतः चाळीत आले. टेकडी चढून घामाघूम. पाणी प्यायले. पाडकामाचा ठेकेदार दोर लावून छप्पर खाली ओढणार आहे, म्हणाले, पण मग साग फुटेल. साग विकून नवीन चर्चच्या बाकांचं होईल. कैच्या अखंड उतरवायच्या तर क्रम माहीत असलेला माणूस पाहिजे.

"दुसरा कोण आहे, मिस्त्री?" म्हणाले. आणि मग, "मला माहीत आहे, तुम्हाला सांगणं बरं नाही."

मी हो म्हटलं. लिहून ठेवतो की मी विचार करायला वेळ मागितला नाही.

१६ मे, सोमवार

कौलं उतरली. वरून ऊन सरळ फरशीवर पडतंय. फरशीत जुन्या थडग्यांचे दगड आहेत, त्यांवरची अक्षरं इतकी वर्षं अंधारात होती, आता वाचता येतात. नावं, आणि कवट्या कोरलेल्या. एक दगड तीन वर्षांच्या मुलीचा.

अकरापासून उलटं सुरू केलं. आधी खुंट्या ठोकून काढायच्या, वासे सोडायचे, मग तुळई दोरावर खाली. ज्याने बसवलं त्याने शेवटी जी खुंटी मारली ती मी पहिली काढतो. खुंट्या इतक्या घट्ट बसल्यात की प्रत्येकीला अर्धा तास लागतो. ठेकेदाराची माणसं कंटाळतात. मला घाई नाही.

अकरावीचं टोक कुजलेलंच निघालं. हातात भुगा आला. ते तरी खरं लिहिलं होतं, म्हणून आज जेवण गेलं.

२४ मे, मंगळवार

सातवी आज खाली आली.

वखारीचा शेठ गाडी घेऊन आला होता. लांबी जास्त म्हणून तिथेच दोन तुकडे करायचे ठरले. करवत दोघांनी धरली, एका टोकाला मी. वरचं बोटभर लाकूड भुसभुशीत, ते सहज गेलं. मग करवत अडली. ओढवेना. लाल भुसा पडायला लागला आणि सागाच्या तेलाचा वास सुटला, जसा नवीन लाकडाला येतो. दाभण जिथे गेलं होतं तिथे फक्त एक जुनी चीर होती, सालीच्या अंगाची. चार बोटं. त्याच्या आत सगळं भरीव.

शेठने ओंजळीत भुसा घेऊन वास घेतला. म्हणाला, "मिस्त्री, ही काढली कशाला? माझ्या नातवाच्या नातवाला पुरली असती."

मी करवत धरून उभा होतो. समोरचा माणूस म्हणाला, ओढा ना.

ओढली.

३१ मे, मंगळवार

पहिली कैची, शेवटची, आज उतरली. भिंती उघड्या उभ्या आहेत, त्या उद्यापासून मशीनने पाडतील. वेदी काढून कुठेतरी नेली. घंटा फादरांच्या घराच्या ओट्यावर पालथी ठेवली आहे.

गावाहून पत्र नाही. उत्तराची शाळा तेराला उघडते, नवीन वह्या घ्यायला हव्यात. दोन पत्रं टाकली मी.

३ जून, शुक्रवार

माझं काम संपलं. हत्यारं आणायला गेलो. तिथे आता मोकळं मैदान आहे. वेदीकडचा भाग पाडला तेव्हा जमिनीखाली अजून एक जुना पाया निघाला, अजून लहान, जेमतेम वीस माणसं बसतील एवढा. कोणी मापं घेतली नाहीत. मी घ्यायला टेप काढला, तेवढ्यात डंपर मागे येत होता, बाजूला झालो.

ठेकेदाराने मला ठेवून घेतलंय. गोवंडीकडे एक जुनी वखार पाडायची आहे, सोमवारपासून.

बस्त्याव चिंचेखाली बसला होता. शेजारी बसलो.  त्याची दाढी वाढलेली, सदरा स्वच्छ. सवयीने आला असणार, घंटेच्या वेळेला.

मग तो म्हणाला, "गुणाजी, एक सांग मना. खरा सांग. सातवा उतरवलास तवा तू व्हतास. आत पोकल व्हता ना? पडनार व्हता ना देऊल?"

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. म्हाताऱ्या माणसाचा हात, हलका.

मी म्हटलं, "हो. पोकळ होता. एखाद्या पावसात पडला असता."

त्याने मोठा श्वास सोडला. छातीवर क्रूस केला. म्हणाला, "मग बरा झाला. पोरा वाचली." आणि उठून घरी गेला. चालताना जरा ताठ वाटला.

नव्हतं पडणार. इथे लिहून ठेवतो.